उन्हात टिकन ते मशीन

"हलू नोको! कोणी हलू नोका अन् श्वास बी सोडू नोका! धूर कोणीकडं जाऊन राह्यला ते पाहू द्या मले!"

अकोल्यातल्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात, भर दुपारी, आमचे घरमालक काका फरशीवर मांडी घालून ओरडत होते. समोर कॉम्प्युटरचा रिकामा कॅबिनेट, म्हणजे नुसता डबा, त्याला पंखे लावून चालू केलेले. आणि काकांच्या हातात पेटलेली उदबत्ती. ती ते डब्याच्या तोंडापाशी धरायचे, मग गुडघ्यांवर रांगत मागच्या बाजूला जायचे आणि धूर बाहेर येतो का ते नाक लावून पाहायचे. धूर डब्यातच घुटमळला तर डबा नापास. असे दुकानातले निम्मे डबे नापास होऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दुकानात उदबत्तीचा इतका घमघमाट झाला होता, की प्रिंटरची शाई घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी चपला बाहेर काढल्या, आत येऊन डब्याला हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "भाऊ, प्रसाद कवा हाय?"

दुकानदार बिचारा घामाघूम. "काका, ऐका ना. कंपनीनं सगळं तपासून पाठवलं असते."

"कंपनी कोठची?"

"बाहेरची. तैवानची."

"तठी मे महिना असते का?"

"मे महिना तर सगळीकडंच असते काका."

"कॅलेंडरातला नाई म्हणून राह्यलो मी," काका गरजले, "अकोल्यातला!"

यावर दुकानदारानं निमूट पुढचा डबा काढला. अकोल्याच्या मे महिन्यापुढे कोण काय बोलणार? मी मूळचा मोझरीकडचा. उन्हातच वाढलो. पण आमच्या अमरावतीकडचं ऊन हे अकोल्याच्या उन्हाचं धाकटं भावंड, शाळेत जाणारं. अकोल्यात काकांच्या घरी आम्ही वरच्या खोलीत राहायचो, थेट स्लॅबखाली. मे महिन्यात आमच्याकडे चहाला गॅस लागत नसे. नळाचं पाणी गाळून घेतलं की झालं. पालसुद्धा भिंतीवरून एकेक पाय उचलून, फुंकर मारत चालायची. बायकोच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या लावल्या, तर काडी ओढायच्या आधीच सगळ्या वाकून नमस्कार करून मोकळ्या झाल्या.

आणि याच खोलीत माझी बायको पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. इमारती बांधायच्या आधीच त्या आतून-बाहेरून कशा दिसतील, याची हलती चित्रं ती कॉम्प्युटरवर तयार करते. दार उघडलं, आत गेलो, खिडकीतून ऊन आलं, सोफ्यावर पडलं, असं सगळं. अशा चित्रांना कॉम्प्युटर दणकट लागतो. आमचा होता साधा. रोज दुपारी चित्रातलं ऊन सोफ्यावर पडायच्या आत खोलीतलं ऊन त्याच्या डोक्यात जायचं आणि तो बंद पडायचा. शेवटी पुण्याच्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, मे अखेरीस मोठ्या क्लायंटला प्रेझेंटेशन आहे. तेव्हा मशीन बंद पडलं, तर मग तुम्ही इकडे शिफ्ट व्हा. नाहीतर आपल्याला दुसरं कुणी बघावं लागेल."

शिफ्ट व्हा! पुण्यात मला तर आलूबोंड्यावर, म्हणजे त्यांच्या बटाटेवड्यावर, रस्सा मागायचीही चोरी झाली असती, पण माझं सोडा. बायकोची आई चांदूर रेल्वेला एकटी. अकोल्याहून सकाळच्या गाडीत बसलं की हिनं दुपारी आईच्या हातची भाकर खाल्लीच म्हणून समजा. पुण्याहून तिला आई नुसती फोनवर दिसली असती, तीही निम्मी, कारण म्हातारी कॅमेरा नेहमी कपाळाला लावते. दोन दिवस बायको जेवलीच नाही. मग म्हणाली, "एकच उपाय आहे. चांगले पार्ट निवडून नवीन मशीन बांधायचं. अकोल्यात टिकेल असं."

हे ती आमच्या खोलीत हळू बोलली. पण खालून आवाज आला, "टिकाची गोष्ट असन तर मले इचारा!"

आता हे काका म्हणजे कोण, ते सांगतो. पिढीजात माळी. बाप-आजे भाजी पिकवायचे, काका बाजारात भाजीचा लिलाव करायचे. जन्मभर पहाटे उठून मेथी-कोथिंबिरीच्या ढिगावर उभं राहून ओरडल्यामुळे त्यांच्या गळ्याला खालची पट्टी अशी उरलीच नव्हती. अकोल्यात त्यांनी भाव पुकारला की बाळापूरचे व्यापारी घरबसल्या टोपल्या भरायला घेत. सांत्वनाला गेले तरी आवाज तोच. एकदा तर मयताच्या घरी पाहुण्यांना वाटलं, घरच विकायला काढलं. त्यांचा फोन आला की मी तो टेबलावर ठेवायचो, खोलीभर फिरायचो आणि दुरूनच होकार द्यायचो.

कॉम्प्युटरला काकांनी जन्मात हात लावला नव्हता. पण जगातल्या कुठल्याही वस्तूला त्यांचा एकच प्रश्न असायचा: "हे उन्हात किती येळ टिकते?" भाजीला, सायकलीला, नेत्यांच्या आश्वासनांना आणि माणसांनाही. काकू सांगायच्या, "मले पाहाले आले तवा बी भर दुपारी आंगणात उभं केलं होतं. मी काई बोल्ली नाई. अर्ध्या तासानं हेच चक्कर येऊन बसले, मंग म्हणतेत, पसंत हाय."

ती चक्कर आल्यापासून काकांनी एक नेम धरला. उन्हाळा लागला की सदऱ्याच्या वरच्या खिशात एक पांढरा कांदा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा आमच्याकडे पुष्कळ जण ठेवतात. पण काकांचा कांदा साधासुधा नसे. बाळापूरकडच्या एका ठरलेल्या वावरातून ते पांढऱ्या कांद्यांची माळ आणायचे आणि स्वयंपाकघरात खुंटीला टांगायचे. एक कांदा सुकला की माळेतून दुसरा. त्या माळेला काकूंनाही हात लावायची परवानगी नव्हती. घरात पाहुणे असोत, कांदा संपलेला असो, काकू शेजारून उसना आणायच्या पण माळेतला तोडायच्या नाहीत. "लाल कांदा भाजीत घालाचा," काका सांगायचे, "पांढरा छातीशी." माळ संपत आली की उन्हाळा संपत आला, असं त्यांचं पंचांग. कुणी म्हणे, काका आंघोळीलाही तो कांदा सोडत नाहीत. ते मी पाहिलेलं नाही, पण मला पटतं.

तर असे काका आमच्यासोबत कॉम्प्युटरचे पार्ट निवडायला आले. म्हणजे आम्ही त्यांच्यासोबत गेलो.

उदबत्तीच्या परीक्षेत शेवटी एक डबा पास झाला. दुकानदार आधी एक काचेचा डबा गळ्यात मारत होता. आत लाल-निळे दिवे, काचेतून सगळं लखलखीत. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं सडक्या टोमॅटोकडे पाहतात. "काचीच्या पेटीत मेथी ठेवशीन का बे तू? शिजून जाईन ना! अन् हे लाइटा कायले? वांग्याले तेलाचा हात मारून चमकवतेत, तसला धंदा हाय हा. ज्याले वरून चमक, त्याले आतून कीड." पास झालेला डबा जाळीचा होता. पुढूनही जाळी, वरूनही जाळी. काकांनी त्यावरून हात फिरवला. "हा पाह्य. संत्र्याच्या पेटीसारखा हाय. यात हवा खेळते."

मग पॉवर सप्लाय, म्हणजे घरातली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा ठोकळा. बाकीचं जग त्याच्यावरचे आकडे वाचतं. काकांनी डोळे मिटून एकेक ठोकळा तळहातावर तोलला, खरबुजासारखा कानाशी नेऊन वाजवला आणि वास घेतला. नंतर त्याच्या वायरी दोन बोटांत धरून पाहिल्या. "भाजीचा देठ पाहावा," ते म्हणाले, "अन् याची वायर. देठ सुकला तं भाजी शिळी. हा हलका भरते. पोकळ हाय. दुसरा दे." दुकानदारानं निम्मं कपाट रिकामं केल्यावर एक जडशीळ ठोकळा निघाला. तो हातात घेताच काकांचा चेहरा नातू पाहिल्यासारखा फुलला.

प्रोसेसरच्या वेळी मात्र कडाक्याचं भांडण झालं. दुकानदारानं सगळ्यात वेगवान काढून ठेवला. एक नंबर, यापुढे काही नाही.

"तापते का?" काकांनी विचारलं.

"तापते थोडा. जोर बी तेवढाच लावते ना काका."

"मंग नोको. याच्या खालचा दे."

"काहून? मॅडमचं काम हेवी हाय, एक नंबरच पायजे."

"पहिल्या नंबरचा पोरगा अकोल्यात टिकत नाई," काका म्हणाले, "पुण्याले जाते. दुसऱ्या नंबरचा घ्या. तो मायबापापाशी राह्यते."

दुकानदार हसला. मी हसलो. बायको हसली नाही. काकांचा एकुलता एक पोरगा शाळेपासून पहिला आलेला, आणि पुण्याला गेलेला. दिवाळीला येतो. आमच्या वरच्या खोलीत आधी तोच राहायचा. बायकोनं पटकन दुसऱ्या नंबरचा उचलला. नंतर मला म्हणाली, "तसाही तोच बरोबर होता. कमी तापतो. पण आधी मी म्हटलं असतं, तर काका पहिल्यावर अडून बसले असते."

ग्राफिक्स कार्डाच्या वेळी मात्र ती अडली. कार्ड म्हणजे चित्र काढणारा मुख्य गडी. पुढे तीन पंखे असलेला, लांबलचक. काकांनी वीत लावून मोजलं आणि नाक मुरडलं. "लय मोठं हाय. डब्यात बसून घाम काढन."

"काका," बायको म्हणाली, "याला मेमरी कमी असली, तर चित्रात घराची भिंत अर्धीच येते."

काका थांबले. "अर्धी भिंत?"

"अर्धी. आणि कधी छतच येत नाही."

"छत नाई?" काका हादरले. वरच्या खोलीचा मालक माणूस! "मंग मोठंच घे पोरी. पोतं लहान असलं म्हणून माल दाबू नये. पोतं मोठं घ्यावं." रॅमच्या पट्ट्या एकऐवजी दोन घ्यायच्या, हेही त्यांना पटलं. "कावडीले दोन टोपले पायजेत. एका खांद्यावर माणूस वाकडा चालते."

निघताना दुकानदारानं माझा हात धरून विचारलं, "सर, तुमचे काका पुन्हा येणार हायेत का?" मी नाही म्हटलं. त्यानं उरलेली उदबत्ती आपल्या गल्ल्यापाशी लावली.

मशीन बांधून झालं. बायकोनं चालू केलं. पंख्यांचा आवाज पहाटेच्या वाऱ्यासारखा. तिचं ऊन आता सोफ्यावर पडायला लागलं, सोफ्यावरून गालिच्यावर उतरायला लागलं. काका रोज सकाळी बाजारातून आले की वर येऊन मशीनचं झाकण उघडायचे आणि मऊ कुंचल्यानं धूळ झाडायचे. इतक्या प्रेमानं त्यांनी काकूंच्या फोटोचीही झाडली नसेल. काकू जिवंत आहेत, तरी सांगतो.

इथवर सगळं छान होतं. पण माणसाचा जन्मभराचा धंदा हातातून जात नाही. काकांच्या धंद्यात कुठल्याही संकटावर इलाज एकच: पाणी मारा. मेथी माना टाकते, पाणी मारा. कोथिंबीर पिवळी पडते, पाणी मारा. गिऱ्हाईक तापलं, त्यालाही पाणी पाजा. एका दुपारी ऊन भलतंच चढलं. बायको खाली काकूंकडे गेली होती, मी शिक्षक, सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी शाळेत. काकांनी आपला लोखंडी कूलर, जो उचलायला एरवी चार माणसं लागतात, एकट्यानं जिन्यावरून वर आणला. वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, आत थंडगार पाणी ओतलं आणि कूलरचं तोंड मशीनच्या तोंडाला लावून दिलं. समोरासमोर. आणि खिडक्या बंद केल्या, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून.

बायको वर आली, तिच्या मागोमाग मीही, तेव्हा खोली वाळ्याच्या वासानं भरली होती आणि मशीन मेलं होतं. झाकण उघडलं, तर आत कार्डावर दवाचे थेंब. कोथिंबिरीच्या जुडीवर पहाटे असतात तसे, एकसारखे, टपोरे.

काकांनी एका थेंबाला बोट लावलं. आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं: काहीच नाही.

बायको रडायला लागली. प्रेझेंटेशन तोंडावर आलेलं. ती रडत रडत बॅग काढून कपडे भरायला लागली. चांदूरला आईला फोन करून म्हणाली, "आई, मी पुण्याला जाते बहुतेक." पलीकडून म्हातारीच्या कपाळानं विचारलं, "कवा?" मी दारात उभा. नवरा म्हणून अशा वेळी काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

काका उठले. त्यांनी मशीनचा एकेक पार्ट, बायकोला विचारून विचारून, सोडवला. पांढऱ्या धोतरात गुंडाळून गच्चीवर नेला. गच्चीवर काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. काकांनी बाज सरकवली, वर सावलीसाठी हिरवी जाळी बांधली, आणि कुरडयांच्या शेजारी रॅमच्या पट्ट्या, पापडांच्या शेजारी मदरबोर्ड, आणि मधोमध ते तीन पंख्यांचं कार्ड, असं सगळं मांडलं. काकू काठी घेऊन कावळे हाकायला बसल्या. शेजारच्या गच्चीवरून बाईनं विचारलं, "काऊन वं बाई, हे कायचे पापड होत?"

"कंपूटरचे," काकू म्हणाल्या. "तळाचे नाईत, नुसते वाळवाचे."

अकोल्याचं ऊन आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कामी आलं. जाळीखालच्या त्या गरम वाऱ्यात पार्ट असे कडकडीत वाळले, की कार्ड तोंडात घातलं असतं तर कुर्रम वाजलं असतं. उन्हं कलल्यावर पुन्हा जोडलं, बटण दाबलं आणि मशीन चालू झालं. बायकोनं बॅगेतले दोन कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले. सगळे नाही, दोनच. प्रेझेंटेशन व्हायचं होतं ना.

कूलर काकांनी स्वतः खाली नेला आणि उलटा करून ठेवला. त्या उन्हाळ्यात पुन्हा लावला नाही. "पाणी बाहीर, हवा आत," एवढं एकदा म्हणाले.

प्रेझेंटेशन होतं भर दुपारी, आमच्याच खोलीतून, व्हिडिओ कॉलवर. पुण्याच्या साहेबांना दुपार म्हणजे काय असते याची कल्पना नसणार. त्या दिवशी अकोल्याचं ऊन स्वतःच सावली शोधत फिरत होतं. काकांनी सकाळपासून आमच्या स्लॅबवर बादल्या ओतल्या. खिडक्यांना बाहेरून ओली पोती टांगली, भाजीच्या गाडीला टांगतात तशी. वर येऊन कुंचल्यानं मशीन झाडलं, आत बराच वेळ डोकं घालून बसले, मग झाकण लावून दोनदा थापटलं, आणि खाली गेले.

मग व्होल्टेज पडायला लागलं. दुपार झाली की गल्लीतले सगळे कूलर सुरू होतात आणि ट्यूबलाइट कंदिलासारखी होते. बायकोच्या चित्रात साहेबांचे क्लायंट नुकतेच दारातून आत आले होते. तिचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात गल्लीतून तो आवाज आला. पहाटेच्या लिलावाचा.

"कूलर बंद करा! साऱ्यायनं बंद करा! वर पोरीची परीक्षा चालू हाय! फेल झाली तं पुण्याले जाईन!"

दारोदार. भर उन्हात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण एकेक करून गल्लीतले सगळे कूलर बंद झाले. अकोल्यात मे महिन्यात कुणी कुणासाठी मूत्रपिंड देईल, कूलर बंद करणार नाही. पण केले. गल्लीत इतकी शांतता झाली की लांबवर मालगाडी ऐकू आली. आमची ट्यूब पुन्हा लख्ख झाली.

आता कूलर बंद केलेली माणसं घरात थोडीच बसणार? आली सगळी आमच्याकडे वर. पेपर घेऊन वारा घालत, पदरानं घाम पुसत, बायकोच्या मागे दाटीवाटीनं उभी. साहेबांनी स्क्रीनवर पाहिलं.

"मॅडम, घरी काही फंक्शन आहे का?"

"नाही सर. गल्ली आहे."

चित्र पुढे सरकलं. दार, दालन, खिडकी. भिंत अख्खी, छत अख्खं. ऊन खिडकीतून आलं, सोफ्यावर पडलं, गालिच्यावर उतरलं. मागून एक आजी पुटपुटल्या, "किती गार ऊन हाय वं बाई ते." मशीन एकदाही अडखळलं नाही. शेवटी साहेब क्लायंटशी काहीतरी बोलले, आणि म्हणाले, "मॅडम, उत्तम. तुम्ही तिकडूनच करा. काही हलायची गरज नाही." गल्लीनं अशी आरोळी ठोकली की पुण्यात साहेबांचा हेडफोन गळून पडला.

सगळे काकांना शोधायला लागले. काका जिन्याच्या मधल्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. डोळे अर्धे मिटलेले, तोंड लालबुंद. ऊन लागलं होतं. ज्या माणसाला लागायची इतकी वर्षं उन्हाची हिंमत झाली नाही, त्याला! काकूंनी डोक्यावर ओला पंचा ठेवला, कैरीचं पन्हं पाजलं. मी सदऱ्याची बटणं काढताना पाहिलं, वरचा खिसा सपाट होता.

"काका, कांदा कुठं आहे?"

"पडला असन कोठी," ते डोळे न उघडता म्हणाले. "पास झाली ना पोरगी?"

"पास झाली."

"मंग वारा घाला. बोलू नोका."

संध्याकाळपर्यंत ते उठून बसले आणि कूलर चालू करायला उशीर केला म्हणून गल्लीवर ओरडायला लागले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. बायकोनं बॅगेतले बाकीचे कपडे काढले. खाली काकूंच्या स्वयंपाकघरात मला कांद्याच्या माळेची फक्त रिकामी खुंटी दिसली. उन्हाळा संपला वाटतं, असं माझ्या मनात आलं.

पुढे दोन उन्हाळ्यांनी माझी बदली अमरावतीला झाली. चांदूर आणखी जवळ आलं, सासूबाई आणखी वरचेवर. काकांनी सामान आपल्या भाजीच्या टेम्पोतून पाठवलं. मशीन त्यांनी स्वतः कोरड्या पोत्यात गुंडाळलं आणि फ्लॉवरच्या क्रेटच्या मधोमध बसवलं. टेम्पो निघाला तेव्हा ते ड्रायव्हरला ओरडून सांगत होते की गड्डे फुटले तरी चालतील, आणि हे ऐकायला पार मूर्तिजापूरपर्यंतची माणसं रस्त्यावर आली होती.

परवा त्या मशीनचा एक पंखा घुरघुरायला लागला, म्हणून अमरावतीतल्या एका दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्यानं सगळं सोडवलं. सगळ्यात खाली, हार्डडिस्कसाठी एक रिकामा कप्पा असतो, त्यात हात घातला आणि किंचाळून हात बाहेर काढला.

"सर, उंदीर मेला हाय आत!"

चिमट्यानं बाहेर काढलं. उंदीर नव्हता. मुठीएवढं, वाळून खडखडीत झालेलं, सालीवर साली. बायकोनं ते हातात घेतलं, कानाशी नेऊन हलवलं. आणि मग एकदम खुर्चीवर बसली.

मी अकोल्याला फोन लावला. सवयीनं टेबलावर ठेवला.

"काका, मशीनमध्ये कांदा सापडला."

"कोणता?" खिडकीची तावदानं थरथरली.

"पांढरा."

"मशीन चालू हाय ना?"

"चालू आहे. पंखा तेवढा आवाज करतो."

"मंग कांदा काहून काढला बे?"

"काका," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही मशीनमध्ये कांदा ठेवला आणि स्वतः तसेच गल्लीभर फिरलात? ऊन लागून पडलात ना तुम्ही! एक आपल्या खिशात ठेवायचा की."

पलीकडे शांतता झाली. इतकी, की मला फोन टेबलावरून उचलून कानाला लावावा लागला. त्या माणसाच्या बाबतीत पहिल्यांदाच.

"माळेले एकच उरला होता," काका म्हणाले.